एकाच खेपेची सापाची पिल्लं: एक ३८ ग्रॅम, दुसरं ११०. खाणं वाढवावं का?

शार्लटची आई: गेल्या ऑगस्टमध्ये लेकीसाठी कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू आणलं. तिच्या मैत्रिणीनेही त्याच खेपेतलं दुसरं घेतलं. आज दोघंही ११ महिन्यांची. तिचं ११० ग्रॅम, आमचं ३८, लेकीच्या करंगळीएवढं. पण तरतरीत आहे, कात एकसंध टाकतं. नवरा म्हणतो, खाणं दुप्पट करू. माझं मत स्पष्ट आहे: लहान म्हणजे आजारी नव्हे, त्याला त्याच्या गतीने वाढू द्यावं.

रॅलेकर: ताई, पटलं नाही. खायला काय देता?

शार्लटची आई: दर सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे उंदराचं बिनकेसाचं नवजात पिल्लू, ३ ग्रॅमची.

रॅलेकर: मग तो हळू वाढत नाहीये, उपाशी आहे. ३८ ग्रॅमच्या सापाला ३ ग्रॅम म्हणजे ८ टक्केसुद्धा नाही. एक पिंकी हे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या सहा-सात ग्रॅमच्या पिल्लाचं जेवण. उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित जाड हवा. आता लव फुटलेली फझी द्या.

टॅम्पाचा अण्णा: रॅलेकर, एवढी घाई नको. माझ्या पहिल्या सापाला मी दर चार दिवसांनी चारत होतो, तेही मोठमोठे उंदीर. एके सकाळी पेटी उघडली तर अर्धवट पचलेला उंदीर बाहेर पडलेला आणि घरभर न सोसवणारा वास. मग दोन आठवडे उपास, आणि कमावलेलं सगळं वजन गेलं. हा साप मूळचा आमच्याच भागातला, आग्नेय अमेरिकेतला. रानात त्याची पिल्लं सरडे, झाडावरचे बेडूक खातात, तेही सापडतील तेव्हा. ब्रीडर म्हणतात 'तीन वर्षं, तीन फूट, तीनशे ग्रॅम', पण ते मादीची जोडी लावण्याआधीचं किमान माप आहे. पाळलेल्या पिल्लाला कसली शर्यत?

रॅलेकर: शर्यत नको हे मान्य. पण रानातली किती पिल्लं मोठी होतात, तेही बघा ना. तो दाखला पेटीतल्या पिल्लाला लावू नका.

पुण्याचा सर्पमित्र: इथे धामणी पकडतानाही लोक विचारतात, 'केवढ्या वयाची?' लांबीवरून वय सांगताच येत नाही. खाणं आणि ऊब, दोन्हींवर वाढ ठरते. ताई, ऊबदार बाजूचं तापमान किती?

शार्लटची आई: आत्ताच मोजलं, २४ अंश! थर्मोस्टॅटचा सेन्सर निसटून थेट हीट मॅटवर (पेटी गरम ठेवणाऱ्या चटईवर) पडला होता, म्हणून मॅट लवकर बंद होत होती. मला वाटत होतं २९ आहे.

टॅम्पाचा अण्णा: बघा! गारठ्यात पचन मंदावतं. आधी ऊब नीट करा, मगच मोठा घास. आणि सात दिवसांचं अंतर मोडू नका.

रॅलेकर: ऊब आधी, कबूल. पण पुन्हा पिंकीवर येऊ नका.

शार्लटची आई: चार दिवस २९ अंश टिकलं, मग काल ५ ग्रॅमची फझी दिली. पाच मिनिटांत गिळली. पोटावर फुगवटा दिसतोय, लेकीला हात लावू दिलेला नाही. नवऱ्याला दुप्पटच हवं होतं, पण सात दिवसांचं अंतर मी ठेवणार आहे. वजन पुढच्या जेवणाआधी इथेच लिहीन.