माँट्रियलमधले पहिले वर्ष : आपापले अनुभव लिहा

माँट्रियलला शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे राहायला येणारी मराठी माणसे दर उन्हाळ्यात तेच प्रश्न विचारतात, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी इथला निदान एक हिवाळा काढला आहे, त्यांनी आपल्यावर गुदरलेला एखादा प्रसंग आणि त्यातून हाती आलेली माहिती सविस्तर लिहावी, ही विनंती. प्रेक्षणीय स्थळांची माहिती सगळीकडे मिळते. इथे घर, भाषा, बर्फ, दवाखाना यांविषयी लिहावे. सुरुवात मीच करतो.

धागाकर्ता, व्हेर्दँ

इथे घरांच्या जाहिरातीत ‘साडेतीन’, ‘साडेचार’ असे आकडे असतात. खोल्या मोजताना स्वयंपाकघर धरतात आणि न्हाणीघर अर्धे मानतात, त्यामुळे साडेतीन म्हणजे साधारणपणे आपले वन बीएचके. हे लवकर उमगले, पण खरी अडचण वर्षभराने आली. बहुतेक भाडेकरार १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतात आणि आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या कराराच्या सवयीने मी असे धरून चाललो की मुदत संपली की करारही संपला. मे महिन्यात घर सोडत असल्याचे सांगितले, तेव्हा कळले की क्यूबेकमध्ये, म्हणजे माँट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, करार आपोआप पुढच्या वर्षासाठी लागू होतो. वर्षाच्या करारातले घर सोडायचे असेल, तर मुदत संपण्याच्या तीन ते सहा महिने आधी, म्हणजे ३० जूनचा करार असल्यास मार्च संपण्यापूर्वी, लेखी कळवावे लागते. नवा भाडेकरू मिळेपर्यंत मी दोन घरांचे भाडे भरले. घरमालकाने भाडेवाढीची नोटीस दिली आणि आपण महिन्याभरात उत्तर दिले नाही, तर वाढ मान्य केली असे धरले जाते, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्या बाजूने कायदा भाडेकरूला चांगला आधार देतो : अनामत रक्कम मागता येत नाही, फक्त पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ घेता येते, आणि कराराच्या ठरावीक छापील नमुन्यात आधीच्या बारा महिन्यांतले सर्वांत कमी भाडे लिहिण्यासाठी रकाना असतो. तो कोरा असेल तर सही करण्यापूर्वी विचारावे.

संशोधक विद्यार्थिनी, कोत-दे-नेज

मी पुण्यात शाळेपासून फ्रेंच शिकले, पुढे रानडे इन्स्टिट्यूटमध्येही शिकले, त्यामुळे भाषेची काळजी नाही असे मला वाटत होते. पहिल्याच महिन्यात विभागातल्या एका वयस्कर बाईंनी रविवारी ‘दिने’साठी घरी बोलावले. मी संध्याकाळी सात वाजता मिठाई घेऊन पोहोचले आणि त्यांनी दार उघडून अतिशय काळजीने विचारले की दुपारी काय झाले होते, कारण त्या बारा वाजल्यापासून ताट मांडून बसल्या होत्या. क्यूबेकमध्ये ‘देजने’ म्हणजे न्याहारी, ‘दिने’ म्हणजे दुपारचे जेवण आणि रात्रीचे ते ‘सुपे’. फ्रान्समध्ये मात्र ‘देजने’ दुपारचे आणि ‘दिने’ रात्रीचे, आणि आपली पाठ्यपुस्तके फ्रान्सची. त्या बाईंनी सगळे पुन्हा गरम करून मला शेजारी बसवून वाढले, हे मी कधीही विसरणार नाही.

इंग्रजीवर इथे भागते हे खरे, पण ते दुकानापुरते. २०२२ च्या कायद्यानुसार नव्याने आलेल्यांशी सरकारी कार्यालये सहा महिन्यांनंतर, आरोग्यासारखे अपवाद वगळता, फ्रेंचमध्येच व्यवहार करतात. सरकारचे फ्रेंच वर्ग विनामूल्य आहेत. आल्या आल्या नाव नोंदवावे.

नोकरदार, दोन मुलांचा बाप, लासाल

बर्फाविषयी एकच सांगतो. मोठी हिमवृष्टी झाली की रस्त्याकडेला नारिंगी पाट्या लागतात आणि त्यांवर गाडी कोणत्या वेळात उभी करायची नाही ते लिहिलेले असते. पहिल्या डिसेंबरात बाहेर भोंगा वाजला, तो मला रुग्णवाहिकेचा वाटला. प्रत्यक्षात तो गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकचा शेवटचा इशारा होता. सकाळी गाडी दोन गल्ल्या पलीकडे, काचेवर दंडाच्या पावतीसह सापडली. भोंगा ऐकताच जाकीट चढवून खाली धावावे. १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि माँट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळता येत नाही. मेट्रो पूर्णपणे भुयारी असल्यामुळे बर्फाच्या दिवशी तीच पकडणे शहाणपणाचे.

परिचारिका, पार्क-एक्स्टेन्शन

कायमस्वरूपी रहिवासी म्हणून येणाऱ्यांना सरकारी आरोग्य विमा लागू होण्यास तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. या काळापुरता खासगी विमा भारतातूनच घेऊन यावा. रात्री मुलाला ताप आला तर आधी ८११ ला फोन करावा. परिचारिका सल्ला देते.

मुलाकडे आलेली आई, मुक्काम सहा महिने

मी साताऱ्याची. सूनबाईंनी मला येताच एकच शब्द शिकवला : दुकानात पाऊल टाकताच ‘बोंजूर’ म्हणायचे, मग काय हवे ते बोटाने दाखवले तरी चालते. न म्हणता वस्तूला हात लावला, तर समोरच्याचा चेहरा बदलतो, हे मी दोनदा पाहिले. मुलाने वीस डॉलरची लोकरी टोपी घ्यायला नेले, मी वीसची नोट काढून ठेवली आणि गल्ल्यावर तेवीस मागितले. छापील किमतीत केंद्राचा आणि प्रांताचा असे दोन्ही कर धरलेले नसतात. ते मिळून सुमारे १५ टक्के होतात. रोजच्या भाजीपाल्याला मात्र कर नाही.

ऑगस्टअखेरीस जाँ-तालों बाजारात टोमॅटोच्या टोपल्या लागतात. तिथल्या एका शेतकरीणबाईंना मी ‘मेर्सी’ म्हटले, तर त्या ‘ब्यँव्न्यू’ म्हणाल्या. म्हणजे ‘सुस्वागतम्’, असे मुलाने मला सांगून ठेवले होते. निघताना स्वागत कसले, हे मला उमजेना. इथे ते ‘आभार कसले’ या अर्थानेही म्हणतात, असे सूनबाईंनी परतताना मेट्रोत सांगितले. पुढच्या शनिवारी त्या बाईंनी माझ्या आधी ‘बोंजूर’ म्हटले आणि टोपलीत दोन टोमॅटो जास्त घातले.