क्रोमबुक म्हणजे खेळणं? असू दे!

उंटावरचा शहाणा
काल लॅपटॉपच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, "क्रोमबुक म्हणजे कीबोर्ड चिकटवलेला मोबाईल. पोरांना खरा लॅपटॉप द्या, खेळणं नको." तिथे तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. आता सविस्तरच घ्या. क्रोमबुक म्हणजे विंडोजऐवजी गूगलचं क्रोमओएस असलेला लॅपटॉप.

वीस हजारांत दुकानदार जो "खरा" लॅपटॉप हातात ठेवतो, त्यात बहुतेक वेळा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (मोबाईलसारखी हळू साठवण) असते. विंडोज ११ ची किमान अटच ४ आणि ६४ आहे. म्हणजे भाड्याच्या खोलीत मालकच पसरून झोपलाय आणि आपण दारात चटई टाकायची. मोठं अपडेट आलं की जागा नाही, मग फोटो उडवा, पेनड्राइव्ह शोधा. तेवढ्याच रॅमवर क्रोमओएस बर्यापैकी पळतं, कारण त्याला मुळात ब्राउझरच चालवायचा असतो.

माझ्या आईचं क्रोमबुक दोन वर्षं हॉलच्या कोपर्यात आहे. भिशीचा हिशेब, पेन्शनचं पासबुक, भजनी मंडळाचे व्हिडिओ. दोन वर्षांत "अरे, हे बघ काय आलंय स्क्रीनवर" असा फोन एकदाही नाही. त्याआधीच्या लॅपटॉपसाठी मी महिन्यातून दोन रविवार पुण्याहून साताऱ्याला जात होतो. हे खेळणं असेल तर असू दे.

हिशेबी
आईंना रिटर्न भरायचे नाहीत म्हणून जग थांबलेलं नाही. हिशेबाचं टॅली कशावर चालवू? डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, टोकनचा ड्रायव्हर कुठे टाकू? जुलैअखेर आमच्या ऑफिसात या, मग सांगा क्लाउडच्या, ढगांच्या गोष्टी.

उंटावरचा शहाणा
टॅलीवाल्यांनी क्रोमबुक घ्यावं असं मी कुठे लिहिलंय? स्कूटरवर उसाची मोळी बसत नाही म्हणून स्कूटर वाईट?

तळकोकणी
हिशेबींचं सोडा, आमचं ऐका. जून ते सप्टेंबर आमच्याकडे रेंज हवी तर मागच्या पडवीत एका पायावर उभं राहावं लागतं. भाचीने कॉलेजसाठी क्रोमबुक घेतलं. गणपतीत घरी आली, रात्री प्रोजेक्ट उघडायला गेली, फाईल उघडेचना. तिचं म्हणणं, "मामा, सगळं क्लाउडवर आहे." मी म्हटलं, बाहेर बघ, क्लाउडच क्लाउड आहेत, माग त्यांच्याकडे.

उंटावरचा शहाणा
गूगल डॉक्समध्ये ऑफलाइनची, म्हणजे नेटशिवाय फाईल उघडायची, सोय आहे. नेट असताना आधी चालू करून ठेवावी लागते, एवढंच. भाचीने केली नसेल.

तळकोकणी
"एवढंच." छत्री आहे, फक्त पाऊस यायच्या आधी उघडून ठेवायची.

जुना बाजार
दोघंही चुकताय. कंपन्यांनी लीज संपल्यावर काढलेले लॅपटॉप बघा. ८ जीबी रॅम, वेगवान एसएसडी डिस्क, लोखंडासारखी बॉडी, रॅम वाढवता येते, बॅटरी बदलता येते. बजेट तेच. फक्त प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्या. त्याआधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार "आय-फाइव्ह आहे साहेब" एवढंच सांगतो. कितव्या पिढीचा ते विचारा, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि क्रोमबुकची हौस मीही केली आहे. ओळखीच्या दुकानातून जुनं घेतलं, सहा महिन्यांत पाटी आली, यापुढे अपडेट मिळणार नाहीत. मशीन ठणठणीत, पण वारलेलं.

उंटावरचा शहाणा
२०२३ मध्ये गूगलने अपडेटची मुदत दहा वर्षं केली. घेण्याआधी मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख बघायची असते.

जुना बाजार
दहा वर्षं कधीपासून, तेही सांगा ना! तुम्ही घेतल्यापासून नाही, ते प्लॅटफॉर्म, म्हणजे आतल्या हार्डवेअरचा साचा, बाजारात आल्यापासून. दुकानात चार वर्षं धूळ खात पडलेलं घेतलंत तर चार गेलीच. आणि गूगलच्या शब्दावर किती विसंबायचं? २०१३ ला बातम्या वाचायचं रीडर गेलं, २०१४ ला फेसबुकसारखं ऑर्कुट गेलं. माझे तिथले सगळे स्क्रॅप, म्हणजे निरोप, गेले हो.

बोरूबहाद्दर
वाद चालू द्या. पण मघापासून डोळ्यांत खुपतंय. "कोपर्यात" नव्हे, कोपऱ्यात. "बर्यापैकी" नव्हे, बऱ्यापैकी. एवढी क्रोमबुकची तरफदारी आणि त्यावर धड मराठी उमटत नाही?

उंटावरचा शहाणा
धाग्याचा विषय काय, तुमचं चाललंय काय? अर्थ कळला ना?

बोरूबहाद्दर
नाही कळत. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या सह्याद्रीत असतात. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना मिठाचं प्रमाण विचारतात. तीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम, केलंय. एका लग्नपत्रिकेत हा घोळ झाला होता, यजमानांनी अडीचशे पत्रिका परत आणून टेबलावर आपटल्या.

हिशेबी
काका, तुमचे ते श्रीलिपीचे फॉन्ट आणि पानं लावायचं पेजमेकरही विंडोजवरच ना? म्हणजे तुम्ही माझ्या बाजूचे.

बोरूबहाद्दर
मी कुणाच्या बाजूचा नाही, ऱ च्या बाजूचा आहे.

वऱ्हाडचा पाहुणा
मी तर बोरूबहाद्दरांच्या बाजूनं. लोकं माझ्या गावाले "वर्हाड" लिहितात तं पोटात दुखते. पण काका, तुमच्या जुन्या फॉन्टातली फाईल माझ्या मशीनवर उघडली तं इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. त्यापरीस कोणत्याही मशीनवर मराठीच दिसणारे युनिकोडवाले बरे.

बोरूबहाद्दर
ते खरं आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली, फॉन्ट नाही तर वाचणार काय? माझ्या २००४ च्या दिवाळी अंकाची सीडी आज मलाच वाचता येत नाही. पण टंकलेखन शिकायचं तर नीट शिका. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लावा, शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग य. ऱ्य मिळतो. इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायचं आणि मशीन सुचवेल ते पहिलं घ्यायचं, याला टायपिंग म्हणत नाहीत.

उंटावरचा शहाणा
म्हणजे चूक माझ्या आळसाची, क्रोमबुकची नाही. लेखी दिल्याबद्दल आभार!

जुना बाजार
आणि तारखेचा मुद्दा गिळलात तो?

उंटावरचा शहाणा
नाही गिळला. मघाशी आईच्या मशीनची तारीख बघितली. जून २०२९. मला वाटत होतं त्यापेक्षा तीन वर्षं कमी. मुलीला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, तिला आराखडे काढायचं कॅडही लागेल, त्यामुळे तिच्यासाठी आठव्या पिढीचं काही असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. हसू नका. आईचं मात्र क्रोमबुकच राहणार, आणि तळकोकणींच्या भाचीला ऑफलाइन चालू करून द्यायला मी स्वतः येतो, मासे असतील तर.

बोरूबहाद्दर, हे घ्या: कोपऱ्यात, बऱ्यापैकी, दऱ्या. झालं समाधान? म्हातार्या माणसाशी कोण वाद घालणार!

बोरूबहाद्दर
म्हाताऱ्या.