ग्रीन बिल्डिंग थोतांड? मग एकदा आमच्या गच्चीवर या

गच्चीवाली
परवा रोखठोक या सदस्यानं इथेच लिहिलं की पुण्या-पिंपरीकडे आर्किटेक्ट, कन्सल्टंट आणि बिल्डर यांचं एक हिरवं कोंडाळं झालंय. ते एकमेकांना शाली घालतं, काचेच्या डब्यांना प्लॅटिनम (हरित इमारतीचं सगळ्यात वरचं मानांकन) वाटतं, आणि खरी हरित इमारत म्हणजे त्यांच्या आजोबांचं बार्शीकडचं माळवद, सपाट मातीच्या छताचं घर. इथवर मी मान डोलावत वाचत होते. शेवटी वाक्य आलं, "फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पर्यावरणाच्या गप्पा मारू नयेत." तिथे डोकं फिरलं. प्रतिसाद द्यायला बसले तो एवढा लांबला की वेगळा धागाच काढते.

मी बाणेरच्या १२० फ्लॅटच्या सोसायटीची सहा वर्षं खजिनदार आहे. आमच्या लॉबीत 'गोल्ड' मानांकनाची पितळी पाटी आहे. राहायला आलो तेव्हा गांडूळखताच्या टाक्यांत बिल्डरच्या उरलेल्या फरशा भरलेल्या होत्या. पावसाच्या पाण्याचे पाइप गच्चीवरून ऐटीत खाली आलेले. ते जातात कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका धुळवडीला उरलेला रंग आम्ही वरून पाइपात ओतला आणि दोन पोरांना खाली उभं केलं. रंग निघाला थेट रस्त्याकडेच्या गटारात. पाणी जिरवायचा शोषखड्डा नकाशात होता, जमिनीत नव्हता.

मग आम्ही काय केलं? पाइप वळवून बोअरपाशी नेले, मध्ये गाळणी बसवली. टाक्या रिकाम्या केल्या. ओला कचरा वेगळा न देणाऱ्यांच्या दारात बादली परत ठेवायला लागलो (यावरून माझ्याशी तीन घरं अजून बोलत नाहीत). सोलर बसवलं, लिफ्ट आणि पंपाचं बिल निम्म्याखाली आलं. आणि हे सगळं शिकवायला त्याच 'कोंडाळ्या'तला एक आर्किटेक्ट तीन रविवार फुकट आला. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातून प्यायला.

तेव्हा गप्पा आम्ही मारणार.

सिव्हिल_८९
ताई, कौतुक आहे, पण पाटी का लागते ते लिहिलंच नाहीत. २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हरित रेटिंगप्रमाणे जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्तीचं बांधकाम करायची परवानगी आहे, ३, ५ आणि ७ टक्के. दहा हजार चौरस मीटरचा मूळ एफएसआय धरा. सात टक्के म्हणजे सातशे मीटर, म्हणजे सत्तर मीटरचे दहा फ्लॅट. बाणेरच्या भावानं गुणा. आता सांगा, गांडुळांच्या प्रेमापोटी कोण टाक्या बांधतं?

मी या धंद्यात पस्तीस वर्षं आहे. सीआयआय या उद्योग संघटनेची हैदराबादची इमारत, अमेरिकेबाहेरची पहिली लीड (अमेरिकी हरित मानांकन) प्लॅटिनम, कलामांनी २००४ साली उद्घाटन केलेली, ती बघायला आम्ही बस करून गेलो होतो. जाळीच्या भिंती, गवताची गच्ची. वाटलं होतं, आता आपल्याकडेही असंच होणार. झालं काय, तर पश्चिमेला काच आणि तिच्या आत एसी, पण 'कार्यक्षम' एसी!

रोखठोक
धन्यवाद गच्चीवाली, माझी बाजू माझ्यापेक्षा तुम्हीच चांगली मांडलीत. पाइप गटारात आणि पाटी गोल्डची. मी काय वेगळं म्हणत होतो?

आणि माळवदाला हसू नका. बाहेर बेचाळीस असताना आत आजोबा उपरणं पांघरून झोपायचे. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कौलांची. लॉरी बेकर हे ब्रिटिश वास्तुविशारद गांधींना भेटले तेव्हा गांधींनी त्यांना सांगितलं होतं की आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. बेकरनं पुढे केरळात जन्मभर ते पाळायचा प्रयत्न केला. त्याला कुणी पाटी दिली होती? तुमच्या सोसायटीचं सिमेंट, काच, लिफ्ट पाच मैलांतलं आहे का?

विदाप्रेमी
भावना पुरे, थोडा हिशोब करू. गच्ची १,००० चौ.मी. धरली, पुण्याचा पाऊस ७०० मिमी, वीस टक्के वाया. हाती आलं ५ लाख ६० हजार लिटर. दहा हजारी टँकर धरले तर छप्पन्न. ऐकायला छान. आता १२० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ६४,८०० लिटर. वर्षभराचा सगळा पाऊस नऊ दिवसांतच संपला. एवढ्यासाठी परिषदा आणि मनपाची करसवलत?

गच्चीवाली
@विदाप्रेमी, आम्ही ते पाणी प्यायला साठवत नाही, बोअरला पाजतो. आमची बोअर फेब्रुवारीत आटायची, आता एप्रिलच्या मध्यापर्यंत ओढते. त्या दोन-अडीच महिन्यांत टँकरवाल्याचं तोंड बघावं लागत नाही. कॅल्क्युलेटर घेऊन कधी त्याच्याशी भाव करायला उभे राहा.

विदाप्रेमी
खाली काळा पाषाण आहे. तुम्ही जिरवलेलं पाणी भेगेतून शेजारच्या सोसायटीच्या बोअरमध्ये जात असेल, किंवा त्यांचं तुमच्याकडे येत असेल. एका बोअरवरून निष्कर्ष काढू नये.

गच्चीवाली
शेजारच्यांना गेलं तर जाऊ दे की! ते तरी कुठे पाकिस्तानात राहतात.

एसटीपी_पीडित
विषय निघालाच आहे तर आमचं ऐका. आमच्याकडे एसटीपीत, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटमध्ये, शुद्ध केलेलं पाणी फ्लशला येतं. पिवळं. पाहुणे आले की बाथरूममधून बाहेर येऊन काही न बोलता आमच्याकडे बघतात. विजेचं बिल वाचवायला मागच्या कमिटीनं प्लांटमध्ये हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवायचं ठरवलं. घाण खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते हे एजीएममध्ये (वार्षिक सभेत) सांगितलं तर एक काका म्हणाले, "त्यांनाही झोप नको का?" हा विनोद नाही, इतिवृत्तात आहे. दरवाजे-खिडक्या लावून पाचव्या मजल्यावरून लिहितोय.

सिव्हिल_८९
+१. प्लांट बांधायला पैसे असतात, चालवायला माणूस नसतो. ज्या वॉचमनला गेट सांभाळायला ठेवलाय तोच प्लांट 'बघतो'.

उमरग्याचा
सहसा मी इथे वाचतो फक्त. पण आजोबांच्या माळवदाचं कौतुक वाचलं की पोटात गोळा येतो.

मी नऊ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, लातूरचा भूकंप. रात्री गणपती बुडवून लोक उशिरा आले होते, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी. माळवदावर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला पांढऱ्या मातीचा थर टाकायचा, म्हणजे गळत नाही. जुना थर कुणी काढत नव्हतं. आजोबांनी टाकला, वडिलांनी त्यावर टाकला. हातभर माती होती डोक्यावर. तीच आत थंडगार वाटायची. माझी चुलती आणि तिची धाकटी त्याच थंडाव्यात झोपल्या होत्या. दुपारपर्यंत आम्ही हातांनी माती उपसत होतो, कारण फावडं मारायला भीती वाटायची.

किल्लारी, सास्तूर, सगळा पट्टा. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुण्यात बसून मातीच्या घरांची आरती करणाऱ्यांनी आधी ते बघावं.

रोखठोक
तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे. पण एका भूकंपावरून हजार वर्षांची बांधणी मोडीत काढणं बरोबर नाही.

उमरग्याचा
एका भूकंपावरून? साहेब, माणूस मरायला एकच लागतो.

फ्रीमाँटकर
इकडे कॅलिफोर्नियात आमची बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची, भूकंपात हलतात पण सहसा पडत नाहीत. भारतात हे का होत नाही?

एसटीपी_पीडित
आलं 'इकडे'. धागा आता खऱ्या अर्थानं पूर्ण झाला.

मातीकाम
मी गेली पंधरा वर्षं मातीचीच घरं बांधतो, म्हणजे याच कोंडाळ्यातला, पण शालीविना. उमरग्याचा यांच्याशी वाद घालायची लाज वाटते, तरी एक गोष्ट लिहितो. तिथे माती पडली नाही, दगड पडला. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, आत एक पडदा, बाहेर एक पडदा, मध्ये चुरा भरलेला. दोन्ही पडद्यांना सांधणारे आरपार दगड घातलेलेच नव्हते. हादरा बसला की दोन पडदे फाकतात आणि वरचं ओझं खाली येतं. ज्या घरांत माळवद लाकडी खणांवर, म्हणजे खांब-तुळयांच्या चौकटीवर, पेललेलं होतं, तिथे भिंती ढासळल्या तरी छत बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं. २००१च्या भूकंपात कच्छमधले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, टिकले आणि भुजमधल्या काँक्रीटच्या इमारती बसल्या. दोष मातीचा नाही, बांधणीचा आहे.

उमरग्याचा
खांब उभे राहिले होते. हे मी स्वतः बघितलंय, खोटं बोलणार नाही. आमच्या शेजारच्या वाड्यात खण तसाच, वर माळवद तसंच, चारी बाजूंच्या भिंती मात्र नाहीत. मांडवासारखं दिसत होतं.

पण मला एक सांगा, त्या खणाला सागाचे खांब होते. आज कोण देणार? वन खातं? आणि तुमचा आरपार दगड गावचा गवंडी घालील याची हमी कोण घेणार? पुण्यातल्या गोल्डच्या बिल्डिंगीत शोषखड्डा घातला नाही म्हणता, तिथे इंजिनिअर होते, कन्सल्टंट होते. आमच्याकडे कोण तपासायला येणार आहे?

सिव्हिल_८९
आख्ख्या धाग्यातला सगळ्यात रोकडा प्रश्न. उत्तर माझ्याकडे नाही.

रोखठोक
म्हणजे शेवटी सगळ्यांनी काँक्रीटच्या खुराड्यात राहायचं. आणि मराठवाड्यातली माणसं तर रडगाणं…

*(उर्वरित प्रतिसाद संपादित. वैयक्तिक आणि प्रांतिक शेरे नकोत. — संपादक)*

गच्चीवाली
रोखठोक, हे अति झालं. माझ्या धाग्यावर तरी असलं नको.

एसटीपी_पीडित
संपादकांनी काय उडवलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा कुणीतरी.

रोखठोक
संपादित भागाबद्दल उमरग्याचा यांची माफी मागतो. रात्री दीडला लिहू नये. आजोबांचं घर मागच्याच वर्षी पाडलं, चुलत्यांनी तिथे स्लॅब टाकला, त्याचा राग कुठेतरी निघाला. वाळवी लागली होती आणि दरवर्षी माती चढवायला माणूस मिळत नव्हता, हेही खरं. मी स्वतः दहा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो, हे विचारायच्या आत सांगून टाकतो.

आणि गच्चीवाली, बरं बाई, मारा गप्पा. पण पाइपात रंग ओतून झाल्यावर.

गच्चीवाली
ही माफी का टोमणा, ते कळलं नाही. माफी धरून चालते. पितळी पाटी काढा असा ठराव मी एजीएमला मांडला होता, रंगाच्या प्रकारानंतर. फ्लॅटचा भाव पडेल म्हणून ४१ विरुद्ध ६ नं पडला. सहापैकी दोन मतं आमच्याच घरची. तेव्हा तुमच्या मूळ पोस्टमधला तेवढा भाग… जाऊ दे, लिहीत नाही.

विदाप्रेमी
४७ जण एजीएमला आले? हा आकडा मला पावसाच्या हिशोबापेक्षा अविश्वसनीय वाटतो.

उमरग्याचा
माफी पोचली. विषय संपला.

आता खरं सांगायचं तर पुनर्वसनातलं आमचं घर पक्कं आहे, पण मे महिन्यात आत बसवत नाही. रात्री दहालासुद्धा स्लॅबमधून वाफ येते. आई अंगणात बाज टाकून झोपते, सत्तरीच्या पुढे आहे. कूलर घेतला तर पाणी कुठलं? पण मातीचं छत पुन्हा घालू देणार नाही, हे तिचंच म्हणणं आहे. मातीकाम यांच्याकडे यावर काही असेल तर बोला. पाटीबिटी नको.

मातीकाम
आहे, आणि फार खर्चाचं नाही. स्लॅब वरून पांढरा करा. आधी झाडून घ्या, भेगा सिमेंटनं भरा, मग पाण्यात कालवून गाळलेला चुना, त्यात थोडा फेविकॉल किंवा डिंक, म्हणजे धरून राहतो. संध्याकाळी दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. पांढरा रंग ऊन परत फेकतो, स्लॅब मुळात बराच कमी तापतो. पैसे असतील तर पांढऱ्या फुटक्या फरशांचे तुकडे बसवा, ते कायमचं काम. पश्चिमेच्या भिंतीला मांडव करून दोडका किंवा घेवडा चढवा.

उमरग्याचा
चुना पावसात जाणार.

मातीकाम
जाणार. दरवर्षी मार्चमध्ये परत द्यायचा.

उमरग्याचा
म्हणजे पुन्हा दरवर्षी थर!

मातीकाम
हो. पण हा साचत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. वजन काही नाही.

उमरग्याचा
हे आईला सांगून बघतो. साडेसहाशे फूट स्लॅब आहे. चुना किती किलो आणू?