जुनं वॉल्थर पी-१: पुंगळ्या शेजारच्या लेनमध्ये, गोळ्या खाली. मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, इथे जुन्या लष्करी पिस्तुलांवर हात बसलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. नुकतंच एक सरप्लस (सैन्याने वापरातून काढलेलं) वॉल्थर पी-१ घेतलंय, रीतसर लायसन्सवर, फक्त रेंजवर कागद फोडायला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, दुसऱ्या महायुद्धातलं पी-३८ होतं ना, तेच पश्चिम जर्मनीच्या सैन्यासाठी १९५७ पासून पुन्हा बनायला लागलं, फक्त फ्रेम स्टीलऐवजी अॅल्युमिनियमची, आणि १९६३ मध्ये त्याचं नाव पी-१ झालं. ९ बाय १९ मिलिमीटरची गोळी, मॅगझिनमध्ये ८ गोळ्या, मॅगझिन सोडायचा खटका मुठीच्या बुडाशी. माझ्या पीसच्या स्लाइडवर (गोळी सुटली की मागे जाणारा वरचा भाग) ७० च्या दशकातली तारीख आहे आणि फ्रेममधून तो षटकोनी बोल्ट आरपार दिसतो, म्हणजे मजबूत केलेली फ्रेम, तेवढं बघूनच घेतलंय. नळी आतून चकचकीत, बाहेरून मात्र होल्स्टरमध्ये घासून घासून कडा पांढऱ्या पडल्यात, पण मला ते आवडतं.

आता तक्रारी. पहिली, पुंगळ्या (झाडलेल्या गोळीची रिकामी टरफलं) फार लांब उडतात. हे पिस्तूल पुंगळी डावीकडे फेकतं हे वाचलं होतं, पण ती इतक्या जोरात जाईल असं वाटलं नव्हतं, शेजारच्या लेनमधला माणूस आता मला बघितलं की टोपी खाली ओढतो. दुसरी, सोबत दोन मॅगझिनं आली, त्यातल्या एकात पहिली गोळी नाक खाली घालून रॅम्पवर (गोळीला नळीत चढवणारा उतार) अडते, स्लाइड अर्धवट उघडी राहते. दुसरं मॅगझिन मात्र गुमान चालतं. तिसरी, नेम काळ्याच्या मधोमध धरला तरी ग्रुप (भोकांचा पुंजका) खाली आणि थोडा डावीकडे पडतो, ग्रुप तसा वाईट नाही, नुसता जागेवर नाही.

चौथी तक्रार नाही, भीती आहे. सेफ्टी खाली केली की हॅमर (घोडा) धाडकन पडतो. डिझाइनच तसं आहे, सेफ्टी आधी फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आदळणारी सुई) अडवते आणि मग हॅमर सोडते, हे समजतं, पण चेंबरमध्ये (नळीच्या मागे गोळी बसते तिथे) गोळी असताना ते करायला हात धजत नाही. जुन्या पार्टवर किती भरवसा ठेवायचा?

खाज अशी की आठवड्याच्या सुट्टीत फीड रॅम्प पॉलिश करावा, माशी (पुढची साइट) थोडी घासावी, स्प्रिंगा बदलाव्यात. एक मित्र म्हणतो ट्रिगर पण हलका करून घे. पण ओरिजिनल पीस आहे, एकदा घासलेलं परत येत नाही. तुम्ही कुठून सुरुवात केली असती?

प्रतिसाद:
स्प्रिंगांपासून, डोळे झाकून. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खोबणीत एकेक बारीक रिकॉइल स्प्रिंग असते, दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेव. एक आखूड दिसली किंवा दोन्ही मेलेल्या वाटल्या तर जोडीच बदल, एक नवी एक जुनी असला उद्योग नको. पुंगळी लांब फेकणं हे बहुतेक वेळा मऊ पडलेल्या स्प्रिंगचंच लक्षण, आणि तसंच चालवत राहिलास तर स्लाइडचा मार अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर जातो. प्लस-पी (जास्त दाबाच्या) गोळ्या यात अजिबात नकोत, साधी ११५ ग्रेन वजनाची, धातूच्या जॅकेटवाली वापर. आणि लॉकिंग ब्लॉक (गोळी सुटताना नळी आणि स्लाइड जोडून धरणारा तुकडा) बाहेर काढून त्याच्या दोन्ही कानांच्या मुळाशी तडे आहेत का ते भिंगाने बघ.

रॅम्पला हात लावू नकोस. एक मॅगझिन चालतंय आणि एक नाही, मग रॅम्पचा काय दोष? वाईट मॅगझिनचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) चांगल्याच्या शेजारी धरून बघ, वाकलेले सापडतील. पक्कडीने सरळ करत बसण्यापेक्षा दुसरं मॅगझिन शोध, खराब असेल त्यावर मार्करने फुली मार.

प्रतिसाद:
माशी घासायची घाई नको रे. हे पिस्तूल डबल अॅक्शनमध्ये (ट्रिगर ओढूनच हॅमर चढतो तेव्हा) जड आहे, पहिली गोळी ट्रिगर ओढताना हमखास खाली जाते, उजव्या हाताचा माणूस असेल तर डावीकडेही. त्यामुळे आधी हॅमर चढवून सिंगल अॅक्शनमध्येच, पिशवीवर हात टेकवून ग्रुप घे, आणि तेच पिस्तूल दुसऱ्या कुणाच्या हाती दे. त्याचाही ग्रुप तिथेच पडला तर पिस्तूल, नाहीतर तू. माशी डोव्हटेलमध्ये (आडव्या खाचेत) असते, सरकवता येते, गोळी जिकडे जाते तिकडेच माशी सरकवायची. खाली जात असेल तर बुटकी माशी लागते, वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात, मूळची काढून डबीत ठेव.

सेफ्टीची टेस्ट: पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, गोळ्या त्या खोलीतच नाहीत. नळी वर करून खोडरबराचं टोक आत जाईल अशी पेन्सिल सोड. हॅमर चढव, सेफ्टी खाली कर. पेन्सिल किंचितही हलली तर पिन अडत नाहीये, पिस्तूल बंद, थेट आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे). हलली नाही तरी गोळी असताना हे करायचं तर नळी टार्गेटकडेच. स्लाइडच्या वरचं पातळ झाकण ढिलं आहे का तेही आर्मररला दाखव, गोळीबारात ते उडालेलं मी बघितलंय. ट्रिगर हलका करायचं डोक्यातून काढ, सियरवर (हॅमर अडवून धरणारा खटका) हौशी कानस फिरली की हॅमर आपोआप पडायला लागतो.

धागाकर्ता:
दोघांनाही धन्यवाद. पेन्सिल हलली नाही. स्प्रिंगा बाहेर काढल्या तर एक दुसरीपेक्षा दोन वेटोळी आखूड निघाली, तुटलेली नाही, कुणीतरी कापलेली वाटते, टोक पक्कडीने चेपल्यासारखं आहे. नवी जोडी मागवतोय. तोवर एक शंका, गाइड रॉडही (स्प्रिंगच्या आतल्या सळया) सोबत बदलायचे की जुनेच चालतील? एक जरासा वाकलेला दिसतोय, काचेवर ठेवून फिरवला तर डुलतो.