पायडलच्या होडीनं वेंगुर्ला ते मालवण, डायलिसिसच्या पेशंटांसाठी: सल्ला पाहिजे

उद्यमबागवाला, बेळगाव

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट टर्निंग करून देतो. मी, मेव्हणा आणि शॉपमधली दोन पोरं मिळून एक होडी तयार केलीय. सोळा फुटी फायबरचा जुना सांगाडा मिळाला, त्यात मागंपुढं दोन सीटा बसवल्या. दोघांनी पायडल मारायचं, चेनवरून शाफ्ट, बेव्हल गिअर, खाली पंखा. पाहुण्यांच्या शेताजवळच्या बंधाऱ्यात सोडून बघितली, झकास पळते.

कशासाठी ते सांगतो. शॉपमधल्या एका पोराच्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्या जांबोटीकडच्या. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, म्हणून त्यांना तिकीट नाही, पण घरापासून रस्त्यापर्यंत रिक्षा आहेच, आणि सोबत पोरगा यायचा म्हणजे त्याचं तिकीट आणि बुडालेली हजेरी. वॉर्डात चंदगडकडच्या बायकाही येतात. त्यांच्या आधारवर पत्ता महाराष्ट्राचा, म्हणजे कर्नाटकच्या बसमध्ये पूर्ण तिकीट. उपचाराचं कसंतरी भागतं हो, येण्याजाण्यानंच माणूस मेटाकुटीला येतो. काहीजण मग खेपच चुकवतात. असल्या पेशंटांच्या प्रवासाला वर्षभर पुरेल एवढा निधी करायचाय.

बेत असा: जानेवारीत वेंगुर्ला बंदरातून सुटायचं, एका दमात मालवण, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर शेवट. लोकांकडून दर किलोमीटरला अमुक रुपये अशी बोली घ्यायची. जेसन लुईस नावाच्या इंग्रजानं 1994 ते 2007 मध्ये निव्वळ अंगमेहनतीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, अटलांटिक त्यानं पायडलच्या होडीनं ओलांडला. होडीचं नाव ‘मोक्षा’. तीच होडी मुंबईहून जिबुतीला पण गेली. मग आम्हाला वेंगुर्ला-मालवण जमायला काय हरकत?

विचारायचं एवढंच. परवानगी कुणाची काढायची, आम्ही कर्नाटकातले आणि दर्या महाराष्ट्राचा? की सरळ कारवारला जावं? आणि पैसे माझ्याच फोनपेवर घेतले तर चालतील काय?

खानापूरचा गडी

कारवारचं डोक्यातनं काढून टाका बगा. तिथं नौदलाचा तळ हाय. तुमची घरची होडी, वर रजिस्ट्रेशन नंबर नाही, आत दोन दाढीवाले. पैसे जमायच्या आधी तुम्हीच जमा व्हाल.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

दादा, माझ्या वडिलांच्या दोन होड्या होत्या. लग्नानंतर मी बेळगावात सहकारी बँकेत चिकटले, पण वाऱ्याचा अंदाज अजून चुकत नाही. कारण फार चांगलं आहे, म्हणूनच जरा स्पष्ट लिहिते.

पहिलं म्हणजे दिशा उलटी करा. जानेवारीत पहाटेपासून नऊ-दहापर्यंत मतलई वारा असतो, जमिनीवरून दर्याकडे. दुपार कलली की वायव्येचा वारा धरतो आणि पाणी खवळायला लागतं. वेंगुर्ल्याहून मालवणला जाताना तो थेट तोंडावर येणार. दोन माणसांच्या पायात किती जोर असतो? होडी जागच्या जागी राहील आणि तुम्ही पायडल मारत बसाल. मालवणहून वेंगुर्ल्याला आलात तर तोच वारा पाठीशी राहतो. किल्ल्यासमोरचा फोटो सुटतानाही काढता येतो.

दुसरं, एका दमात नको. सरळ रेषेत हे अंतर 28 किलोमीटरच्या आसपास आहे. तुमची होडी ताशी पाच किलोमीटर पळते असं धरलं तरी सहा तास होतात, आणि जानेवारीत उजाडायलाच सात वाजतात. निवती जवळजवळ मधोमध आहे. पहिल्या दिवशी मालवण ते निवती, मुक्काम, दुसऱ्या दिवशी निवती ते वेंगुर्ला. दोन्ही दिवस अकराच्या आत किनाऱ्याला. अकराला जिथे असाल तिथून सोबतच्या होडीला दोर बांधायचा, हे आत्ताच ठरवून टाका.

आणि म्हणून ती किलोमीटरमागे बोली मला अजिबात पटलेली नाही. समजा निवतीच्या अलीकडे वारा फिरला. तुमच्या डोक्यात काय येणार? आणखी तीन किलोमीटर मारले तर अमक्या फाउंड्रीवाल्याचे एवढे रुपये वाढतात. तिथेच माणसं अडचणीत येतात. देणगी ठोक घ्या आणि पत्रकावर मोठ्या अक्षरात छापा: हवामानामुळे अर्ध्यातून परतलो, किंवा सुटलोच नाही, तरी देणगी पूर्ण. ज्याला हे चालत नाही त्याचे पैसे नकोत. बँकेत बसून मी एवढं नक्की बघितलंय की ओळखीचा माणूस तुमच्या कामाला पैसे देतो, अंतराला देत नाही.

तिथी बघून तारीख ठरवा. पुनव-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, ते दिवस तुमचे. आमच्याकडे भरतीचा ठोकळ हिशेब तिथीच्या पाऊणपट: अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण, सहा. सकाळी सहाच्या सुमाराला भरती, मग ओहोटी सुरू. सातला मालवणहून सुटलात तर साडेआठ-नऊला देवबागच्या टोकाला, कर्ली नदीच्या मुखाशी याल. त्या वेळी खाडीचं पाणी बाहेर पडत असतं, समुद्राची लाट आत येत असते, आणि वाळूच्या दांड्यावर ती फुटते. तिथून काठाकाठाने जायचं नाही. चांगलं बाहेरून वळसा घ्या, मग भोगव्याकडे या.

सोबतची होडी मच्छीमाराचीच घ्या, पर्यटनाची नको. त्याचा मासेमारीचा दिवस बुडतो, त्याची भरपाई आधी ठरवा, घासाघीस करू नका. सकाळी ती तुमच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे दर्याच्या बाजूला चालली पाहिजे. लोकांना वाटतं उलटं. पण मतलई वाऱ्यात तुमची चेन तुटली तर होडी किनाऱ्याकडे येत नाही, खोल पाण्यात जाते.

परवानगीचं: महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या बंदर अधिकाऱ्याला लेखी अर्ज, मालवण आणि वेंगुर्ला दोन्हीकडे. सागरी पोलिसांना प्रत. किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, तेव्हा वनखात्यालाही एक अर्ज द्या. तटरक्षक दलाला वेळापत्रक कळवा. त्यांचा नंबर 1554 आणि व्हीएचएफ वायरलेसवर चॅनल 16, हे दोन्ही होडीच्या आतल्या बाजूला रंगानेच लिहून ठेवा. तुमचं आधार कर्नाटकाचं असल्याने काही अडत नाही, ओळखपत्र लागतं एवढंच. या सगळ्यांपेक्षा मोलाची ती मच्छीमार सोसायटी. कुठे जाळी टाकलीत, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कुठे ओढतायत, हे त्यांनाच ठाऊक असतं. रापणीच्या मधे होडी घातलीत तर परवानगीचा कागद दाखवून काही उपयोग नाही, शिव्या मालवणीतच पडतील.

आणि ‘मोक्षा’चं उदाहरण देऊ नका हो. त्या होडीत झोपायची सोय होती, ती महासमुद्रासाठीच बांधलेली. तुमची अजून बंधाऱ्यातली आहे. पंखा वर उचलता येतो का? जाळ्याचा दोर अडकला तर कोण पाण्यात उतरणार? होडी पाण्याने भरली तर तरंगते का? पुढच्या-मागच्या टोकात फोम भरा, मुद्दाम उलथी करून बघा, आणि मग समुद्राचं बोला. बोट लागते का तेही आधी बघा. मेव्हण्यांना उलटीवरची ॲव्होमिनची गोळी देऊन पायडलवर बसवू नका, झोप येते त्याने.

टिळकवाडीचा सीए

फोनपेवर अजिबात नको. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळून 50,000 च्या वर रक्कम खात्यात आली की ती सगळी तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. पेशंटांना वाटली हे नंतर सांगत बसावं लागतं.

80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असलेला एखादा ट्रस्ट गाठा, पैसे थेट त्यांच्या खात्यात, क्यूआर त्यांचाच. 80जी केंद्राचं आहे, त्यामुळे ट्रस्ट बेळगावचा आणि देणगीदार चंदगडचा असला तरी फरक पडत नाही. रोख 2,000 च्या वर घेतली तर त्या देणगीवर सवलत मिळत नाही. आणि नव्या कररचनेत गेलेल्यांना ही सवलतच नाही, तेव्हा सवलतीच्या आशेने पैसे मागू नका.

परदेशातून पैसे येणार असतील तर पासपोर्ट विचारा. दुबईतला मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर ती परदेशी देणगी होत नाही. लंडनच्या काकांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर होते, आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेलाच ट्रस्ट लागतो.

होडीचा, सोबतच्या होडीचा, मुक्कामाचा खर्च या पैशातून करू नका. तो उद्यमबागेतल्या कारखानदारांकडून वेगळा घ्या, हवं तर होडीवर त्यांची नावं लावा. म्हणजे ‘आमच्या देणगीवर समुद्रसफर केली’ असं म्हणायला कुणाला जागा राहत नाही. बेळगावात लोक म्हणतात, मला माहीत आहे.

उद्यमबागवाला, बेळगाव

ताई, तुमचं वाचून मेव्हण्याचा चेहरा उतरला, पण मला पटलं. दिशा उलटी, दोन दिवस, ठोक देणगी. पंखा सध्या फिक्स आहे. आता बिजागरीवर घेतो, दोर ओढला की वर. फोम भरायला पोरं बसलीत.

एक कल्पना सुचलीय. होडी स्टँडवर चढवून आरपीडी क्रॉसला ठेवायची, पंखा पाण्याच्या टाकीत. ज्यानं देणगी दिली त्यानं पाच मिनिटं पायडल मारायचं. पोलिसांची परवानगी काढतो.

फाउंड्रीतला

गिअरबॉक्सची बॉडी कशाची? शाफ्ट कुठल्या ग्रेडचा?

उद्यमबागवाला, बेळगाव

बॉडी ॲल्युमिनियमची, आपल्याच इथली कास्टिंग. शाफ्ट 304 ग्रेडचं स्टेनलेस, बोल्टही स्टेनलेस. पंखा पितळी.

फाउंड्रीतला

तीन धातू, मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरी तयार. पहिल्यांदा ॲल्युमिनियम खाल्लं जाणार, तेही बोल्टच्या भोवतीनंच. बंधाऱ्यातल्या गोड्या पाण्यात हे दिसत नाही. शाफ्ट 316 चा करा, पंखा ब्रॉन्झचा, पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं. बॉडीला बाहेरून जस्ताचं बिस्किट बोल्टनं पक्कं बसवा. त्यावर रंग मारू नका, मारला तर त्याचा उपयोग शून्य. जस्त झिजतं तोवर बॉडी वाचते. चेन साध्या स्टीलची असेल तर एक जादा चेन आणि जोडकडी सोबत घ्या. ऑइल सील एकावर एक दोन घाला, मधे ग्रीस. आणि मुक्कामाला निवतीत गोड्या पाण्यानं सगळं धुऊन घ्या, कितीही दमला असाल तरी.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण

दोन वल्हीही टाका होडीत. जस्ताने चेन जोडली जात नाही.

उद्यमबागवाला, बेळगाव

वल्ही, जस्त, जादा चेन, सगळं लिहून घेतलं. ट्रस्टवाल्यांशी शनिवारी बोलणं आहे. सीए साहेब, पावतीपुस्तक मराठीत छापू की कन्नडमध्ये? खानापूर, चंदगड, बैलहोंगल, तिन्हीकडनं लोक देणार आहेत.

टिळकवाडीचा सीए

दोन्हीत छापा. आणि पॅन किंवा आधार नंबरचा रकाना मोठा ठेवा. त्याशिवाय ट्रस्टला 10बीडीत, म्हणजे आयकर खात्याला द्यायच्या देणगीदारांच्या यादीत, नाव चढवता येत नाही, मग मे महिन्यात सर्टिफिकेटसाठी सगळे माझ्याच दारात येतात.