रोमन ब्राँझ नाणी महिन्याला हजार-पंधराशेत जमतील का?

तगरवाला, धाराशिव
नमस्कार मंडळी. आपल्या तेरला रोमन नाण्यांवरनं साचा घेऊन केलेली मातीची लटकनं सापडलीत हे वाचल्यापासून त्या लोकांचं एखादं खरं नाणं हातात धरायची लई इच्छा आहे. सोन्या-चांदीचं परवडत नाही म्हणून ब्राँझ बघायलोय. ऑनलाइन एक 'न साफ केलेली 5 नाणी' असा लॉट घेतला, सगळी काळी ठिक्कर, चेहरा दिसंना, आणि एकावर फिक्कट हिरवी पावडर यायलीय. आई म्हणती चिंच लाव, देवाच्या तांब्यासारखं लख्ख होईल. लावू का? आणि एक जण तेरच्या शेतात सापडलंय म्हणून एक नाणं 800 ला देतो म्हणतोय, घ्यावं का?

जालनेकर
दादा चिंच अजिबात लावू नका!! मी पहिलं नाणं लिंबू-मीठानं घासलं, वरचा सोळाशे वर्षांचा पॅटिना, म्हणजे धातूवर काळानं चढलेला थर, गेला आणि त्यासोबत अक्षरंबी गेली, अजून वाईट वाटतंय. ती पावडर म्हणजे ब्राँझचा रोग, आत क्लोराइड बसलेलं असतंय, हवेतली ओल मिळाली की धातू खात सुटतं. ते नाणं आधी बाकीच्यांपासून बाजूला काढा. टूथपिकनं पावडर खरवडा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो तेच, पाणी बदलत काही आठवडे जाऊ द्या, नंतर पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत. पावसाळ्यात परत परत बघत राहा. आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटात कुठलंच नाणं ठेवू नका, त्यानं चिकट हिरवं होतंय.

लातूरची ताई
लॉटच्या नादी लागू नकोस भाऊ, चांगली नाणी आधीच वेचून घेतलेली असतात. दोन महिन्याचे पैसे साठव आणि परत घ्यायची लेखी हमी देणाऱ्या डीलरकडनं वाचता येईल असं एकच घे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातली नाणी सगळ्यात स्वस्त, कारण ती डझनभर टाकसाळींत ढिगानं पाडली होती. माझं लाडकं म्हणजे इसवी सन 330 पासूनचं 'ऊर्ब्स रोमा', एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवी, दुसरीकडं दोन लेकरांना पाजणारी लांडगीण. जेमतेम 17-18 मिलिमीटर, अडीच ग्रॅमच्या आसपास, पण खालच्या रेषेखालची अक्षरं वाचली की टाकसाळ कळती, अँटिऑकची का अलेक्झांड्रियाची. पहिल्यांदा ते वाचता आलं त्या रात्री मला झोप नव्हती.

तेरच्या भरभराटीच्या काळातलंच पाहिजे असंल तर मात्र ऑगस्टस, टायबेरियस या रोमन सम्राटांचं तांब्याचं नाणं 'अ‍ॅस' बघावं लागंल. पेरिप्लस ह्या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात भडोचपासून पैठण 20 दिवस आणि तिथनं तगर, म्हणजे आपलं तेरच, 10 दिवस लिहिलंय, ते त्याच पहिल्या शतकातलं. झिजलेलं चालत असंल तर थोडे जास्त पैसे साठवून मिळतं. सेस्टर्शियसचं मोठं नाणं सध्या सोडून दे, बजेट मोडंल.

पैठणचा पाव्हणा
शेतातल्या नाण्याच्या वाटेला जाऊ नका. जमिनीत सापडलेला 10 रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवायचा असं 1878 चा कायदा सांगतो. आणि खरं असलं तरी कुठल्या थरात, कशासोबत होतं हे सांगायला आता कुणी उरलं नाही, म्हणजे तेरचाच इतिहास 800 ला गेला. बाहेरनं मागवलं तर बिल जपून ठेवा, कस्टमला लागतं. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांपुढचं नाणं परत देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळं आवडलं नाही तर बाहेरच्या डीलरला परत करताना अडचण येती, घेतानाच फोटो नीट बघा. कडेला रेघ किंवा अंगावर बारीक बुडबुड्यांची भोकं दिसली तर ओतीव नकली समजायचं.

तगरवाला, धाराशिव
सगळ्यांचे लई आभार. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं, तहसीलला सांग म्हणलो. पावडरवालं पाण्यात टाकलंय, आईनं चिंच परत बरणीत ठेवली. ताई, लांडगीणवालं घ्यायचं ठरलं, फोटो आले की इथं टाकतो, टाकसाळ तुम्हीच सांगा.