बुद्धिबळाचे डाव माँटे कार्लोने मोजताना उत्तर स्थिर का राहत नाही?

प्यादं_सोलापूर: एम.एस्सी. फिजिक्सचा प्रकल्प आहे. N अर्ध्या चालींचे (अर्धी चाल म्हणजे एका खेळाडूची एक खेळी) एकूण डाव किती, याचा अंदाज माँटे कार्लोने, म्हणजे यादृच्छिक डाव खेळवून, काढायचाय. दर पोझिशनला वैध चालींतली एक समान शक्यतेने निवडतो, वाटेतल्या वैध चालींच्या संख्यांचा गुणाकार करतो आणि लाखभर डावांची सरासरी घेतो. N=5 ला झकास जमतं, 60 ला मात्र दर रनला वेगळंच उत्तर. कोड गंडलाय की पद्धत?

उंट_तिरका: पद्धत बरोबर आहे. संगणकशास्त्रज्ञ कनूथने 1975 मध्ये शक्यतांची फांद्या फुटत जाणारी झाडं मोजायला हीच मांडली, पॉलिमरवाले तर 1955 पासून रोझेनब्लुथच्या नावाने वापरतात.

आधी कोड बघा. सगळ्या चाली खरोखर मोजल्या की 4 ला 1,97,281 आणि 5 ला 48,65,609 यायलाच हवेत. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका: सुरुवातीच्या पटावरून किल्लेकोट सातव्या अर्ध्या चालीआधी येतच नाही. त्यासाठी ‘किविपीट’ ही चाचणीची ठरलेली पोझिशन घ्या: 1, 2, 3 अर्ध्या चालींना 48, 2,039, 97,862.

दुसरं म्हणजे मात. चौथ्या अर्ध्या चालीवर मात होणारे 8 डाव आहेत. N=5 ला त्यांचं वजन (म्हणजे चालीसंख्यांचा तो गुणाकार) शून्य, पण सरासरी काढताना छेदात ते धरायचेच. बरेच जण गाळतात आणि आकडा फुगतो.

हत्ती_सरळ: कोड ठीक निघाला तर दोष वजनांच्या पसाऱ्याचा. गुणाकार आहे ना, लाखातले चार-दोन डावच सगळी सरासरी खातात. w म्हणजे वजन धरून (Σw)²/Σw² काढा, म्हणजे खरोखर कामाचे डाव किती ते कळेल; लाखाऐवजी पाच-दहा आलं की समजायचं. वजनांचे लॉगॅरिदम ठेवा.

उपाय पर्म (PERM) ही डाव छाटत-वाढवत नेणारी पद्धत, ग्रासबर्गर, 1997. प्रत्येक पायरीवर डावाचं वजन त्या पायरीच्या चालू सरासरीच्या तिप्पटीवर गेलं तर दोन प्रती करा, प्रत्येकीला निम्मं वजन. तिसऱ्या हिश्श्याखाली गेलं तर नाणं उडवा: डाव टाका, नाहीतर वजन दुप्पट करा. प्रती एकाच मूळ डावाच्या असतात, म्हणून त्रुटी डावागणिक काढू नका, मुळागणिक काढा.

प्यादं_सोलापूर: मग सरळ मेट्रोपोलिस (छोटा बदल सुचवून तो स्वीकारायची किंवा नाकारायची पद्धत) का नको? एक चाल पुढे, एक मागे.

उंट_तिरका: प्यादं मागे येत नाही, मारलेली सोंगटी परत बसत नाही. उलटी चालच नसेल तर तपशीलवार संतुलन (जाण्यायेण्याचा समतोल, detailed balance) कुठून आणणार? पोझिशन नको, अख्खा डाव बदला: कुठल्याही k व्या अर्ध्या चालीवर तोडा, तिथून N पर्यंत नव्याने खेळवा. k नंतरच्या चालीसंख्यांचा गुणाकार नव्याचा भागिले जुन्याचा, हे गुणोत्तर 1 किंवा जास्त असेल तर स्वीकारा, कमी असेल तर तेवढ्याच शक्यतेने. N आधी मात किंवा कोंडी झाली तर नाकारा. मात्र यातून एकूण संख्या मिळत नाही, N लांबीच्या डावांतली सोंगट्यांची सरासरी वगैरे मिळते. संख्येसाठी पर्मच.

हत्ती_सरळ: पायथन-चेस ही बुद्धिबळाची पायथन लायब्ररी वापरत असाल तर लूपमध्ये डाव संपल्याची तयार तपासणी लावू नका. ती पाचवेळच्या पुनरावृत्तीचा आणि 75 चालींचा नियमही बघते. वेळ खाते, शिवाय वरच्या आकड्यांच्या मोजणीत हे नियम नाहीत. वैध चालींची यादी रिकामी आहे का, एवढंच बघा. आणि चार वेगळ्या बिया (रँडम सीड) देऊन चार प्रोसेस रात्री सोडा. एप्रिलातल्या सोलापूरच्या दुपारी लॅपटॉप तापून स्वतःच मंद होतो.